रिमोटचा मोठा ट्रक : ताकद वाढवण्याआधी दाते मोजा

रिमोटची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतल्या दुकानातली प्लास्टिकची मोटार येते. दोन पेन्सिल सेल घातले की पुढे-मागे पळणारी, आठ दिवसांत चाक निखळून पलंगाखाली जाऊन पडणारी. या लेखातली गाडी ती नव्हे. ही पाऊण मीटर लांब, बॅटरीसह दहा किलोंच्या आसपास वजनाची, आणि मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलच्या वेगाने धावणारी. तिला मॉन्स्टर ट्रक म्हणतात. नवी चांगल्या कंपनीची घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. त्यामुळे आपल्यासारख्या कामगार वस्तीत ती नवी येत नाही. कुणाच्या तरी हातून वापरून, आपटून, अर्धी मोडून स्वस्तात येते. म्हणूनच तिची दुरुस्ती हा आपल्या घरातला विषय होतो.

मूळ मॉन्स्टर ट्रक खरोखरीचा, माणूस बसून चालवतो तो. अमेरिकेत बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने आपल्या फोर्ड पिकअपला अवाढव्य टायर बसवून 'बिगफूट' तयार केला आणि १९८१ मध्ये तो जुन्या मोटारींवरून चालवून दाखवला. त्याचे लहान रूप जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली 'क्लॉड बस्टर' या नावाने बाजारात आणले. त्यात दोन मोटरी होत्या आणि चारही चाके वळत असत. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅक्सास कंपनीचा 'एक्स-मॅक्स' आला. तो आधी सहा सेलच्या बॅटरीवर चाले, नंतर आठ सेलवर आला. सहावरून आठवर या एवढ्याशा बदलात या लेखाचा अर्धा विषय आहे.

दीपनगर ही वीज केंद्राची वसाहत. येथल्या पोराला मोटर, बेअरिंग, गिअर हे शब्द शाळेत शिकावे लागत नाहीत, ते जेवताना वडिलांच्या बोलण्यातून कानावर पडतात. शेजारच्या क्वार्टरमधल्या अकरावीतल्या मुलाने असाच एक जुना ट्रक मिळवला आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, हिच्यात मोठी मोटर टाकू का?"

"आधी हिच्या गिअरचे दाते मोज, मग मोटरचं बोल."

त्याला वाटले काका टाळताहेत. पण या धंद्यातला पहिला धडा हाच आहे. ताकद वाढवली की ती ताकद मोटरपासून चाकापर्यंत जाताना वाटेत जो भाग सर्वांत कमजोर असेल तो तुटतो. तो बदलला की त्याच्या पुढचा तुटतो. मग पैसा संपतो आणि गाडी कपाटावर जाते.

थोडे गणित करू. या मोटरींवर 'केव्ही' असा आकडा लिहिलेला असतो. दीपनगरात केव्ही म्हटले की लोकांना उच्च दाबाची लाइन आठवते, पण येथे त्याचा किलोव्होल्टशी काही संबंध नाही. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. १२०० केव्हीची मोटर आठ सेलच्या, म्हणजे २९.६ व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला पस्तीस हजारांहून अधिक फेरे घेईल. सहा सेल असतील तर २२.२ व्होल्ट आणि साधारण साडेसव्वीस हजार फेरे. वेग एक-तृतीयांशाने वाढला. पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेदोनपट झाली. गिअर, अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचे हात मात्र पूर्वीचेच राहिले.

हाच हिशोब गल्लीला लावा. दहा किलोंचा ट्रक ताशी पन्नास किलोमीटर वेगाने कशावर आदळला तर तो धक्का दहा किलो धान्याची गोणी तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडावी तेवढा असतो. ज्या गल्लीत दोन-तीन वर्षांची पोरे खेळतात आणि म्हाताऱ्या आजी ओट्यावर पाय सोडून बसतात, तेथे ही वस्तू चालवायचीच नाही. मोकळे मैदान पाहावे, बघ्यांना एका बाजूला उभे करावे.

आता दुरुस्ती. जुना ट्रक हाती आला की तो आधी चालवून बघण्याचा मोह आवरावा. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात विद्युत इंजिने ठरावीक मुदतीने आत घेतात, सुटी करतात, मोजतात, मगच पुन्हा रुळावर सोडतात. तीच पद्धत येथे धरावी. जुने चादरीचे कापड अंथरावे, अ‍ॅलन की आणि पाने काढावेत, एकेका जागचे स्क्रू वेगवेगळ्या वाटीत ठेवावेत. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत. कोणती वायर कुठे होती हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आपल्याकडची माती आणि हवा या गाडीची शत्रू आहे. कपाशीची काळी जमीन ओली असली की चिकटते आणि वाळली की अ‍ॅक्सलभोवती सिमेंटसारखी बसते. त्यात दीपनगरची राख. कोळशाची उडती राख डोळ्यांना पिठासारखी मऊ दिसते, पण ती सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची असते आणि बेअरिंगमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून चिखलाची गाडी लगेच पाण्याच्या पाइपाखाली धरू नये, जोराच्या पाण्याने कचरा आणखी आत जातो. चिखल वाळू द्यावा, दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडावा, मग ओल्या फडक्याने पुसावे. प्रत्येक चाक उचलून बोटाने फिरवावे. खरखर आवाज आला तर ते बेअरिंग गेले. बदलताना पत्र्याच्या झाकणाऐवजी रबरी सीलचे घ्यावे. ते किंचित जड फिरते, पण राख आत येऊ देत नाही. बेअरिंगवरचा नंबर आणि मापे लिहून नेली तर बेअरिंगच्या दुकानात ते मिळू शकते. त्यासाठी परदेशी पार्सलची वाट पाहायची गरज नसते.

मग गिअर. मोटरच्या दांड्यावरच्या लहान चाकाला पिनियन म्हणतात, तो ज्या मोठ्या चाकाला फिरवतो ते स्पर. पिनियनला अठरा आणि स्परला चोपन्न दाते असतील तर मोटरच्या तीन फेऱ्यांना स्परचा एक फेरा. पिनियन वीस दात्यांचा केला की वेग वाढतो, पण मोटरवर ताण येऊन ती तापते. सोळाचा केला की वेग साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो आणि मोटर थंड राहते. मोठी मोटर मागणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला आम्ही सोळाचा पिनियन लावायला सांगितले. त्याचे तोंड उतरले. पण मे महिन्याच्या आपल्या उन्हात पुष्कळ ट्रकना वेगवान पिनियनपेक्षा लहान पिनियनच मानवतो. पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालावी, दोन्ही दाबून मोटरचे स्क्रू आवळावेत आणि पट्टी काढून घ्यावी. बरोबर तेवढी फट राहते. फट नसेल तर गिअर घोंघावतो आणि तापतो, जास्त असेल तर दाते झडतात. पिनियनचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. लोखंडात लोखंडी स्क्रू असेल तेथे आटे पकडणारा निळा लॉकटाइट एक थेंब लावावा. प्लास्टिकवर तो लावू नये, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होते.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो चकाकणाऱ्या धातूच्या भागांवर. मुलांना वाटते, प्लास्टिक तुटले म्हणजे तेथे अ‍ॅल्युमिनियम लावावे. सस्पेन्शनच्या हातांच्या बाबतीत हे बहुधा उलटे ठरते. नायलॉनचा हात धक्का बसला की वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः शाबूत राहून धक्का मागे चासीकडे ढकलतो. तेथे जे तुटते ते हातापेक्षा महाग असते. पोलाद लागते ते गिअरला आणि चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांना. हात नायलॉनचेच राहू द्यावेत. डिफरन्शियलमधले सिलिकॉन तेलही पाहावे. ते पातळ असले की एक चाक हवेत उचलले गेल्यावर सारी ताकद त्याच चाकात वाहून जाते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म राहते. जाड तेल भरले की हा प्रकार कमी होतो. शॉकअबच्या तेलाचेही तेच. उन्हाळ्यात तेल पातळ होते, म्हणून गाडी उड्या मारू लागली तर जाड तेल घालून पाहावे.

स्टिअरिंगचा सर्व्हो हा लहान भाग, पण तो दुबळा असेल तर मोठा टायर दगडावर वळत नाही. जोरदार सर्व्हो टाकला की तो करंट जास्त ओढतो, आणि त्याला वीज पुरवणारा भाग कमी पडला तर रिसिव्हरचा दाब घसरून गाडी क्षणभर बहिरी होते. अशा वेळी तिने थांबावे यासाठी फेलसेफ लावलेला असतो. तो स्वतः तपासावा. गाडी विटांवर ठेवून चाके अधांतरी करावीत, हळू फिरवावीत आणि हातातला रिमोट बंद करावा. चाके थांबली नाहीत तर ती गाडी मैदानात नेऊ नये. रोजचा क्रमही पक्का असावा. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

घरातल्या माताभगिनींनी यापुढचे अवश्य वाचावे, कारण बॅटरी शेवटी घरातच चार्ज होते. या ट्रकमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिचा एक सेल भरलेला असतो ४.२ व्होल्टला, चालताना ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा असतो. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर चार्जर पाच अँपिअरवर लावावा, घाई करून दहावर नाही. चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या दोनदा वाचावी, चुकीचा प्रकार निवडला तर आग लागू शकते. सेल समान ठेवणारी बारीक बॅलन्स वायर जोडल्याशिवाय चार्जिंग नाही.

आणि ऊन. लिथियम बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस सांगितली जाते. मे महिन्यात भुसावळची दुपार स्वतःच तेथे पोहोचते. पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. मैदानातून आलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला लावणे म्हणजे तापलेल्या तव्यावर हात ठेवणे. ती सावलीत थंड होऊ द्यावी, चार्जिंग सकाळी करावे. पलंगावर, गादीवर, सिलिंडरजवळ, किंवा रात्री सगळे झोपल्यावर कधीही करू नये. फरशीवर, मोकळ्या जागी, वाळू टाकलेल्या मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवून, मोठ्या माणसाने समोर बसून करावे. फुगलेली बॅटरी संपली समजावी. तिला टोचू नये, दाबू नये, कचराकुंडीत टाकू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

काही मोठे ट्रक विजेऐवजी पेट्रोलवर चालतात. त्यांचे तेवीस ते तीस सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन पाहून आपल्या भागातला शेतकरी हसेल, कारण ते त्याच्या पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाच्याच जातीचे. तोच लहान कार्बोरेटर, तोच स्पार्क प्लग, तसाच फेरे वाढल्यावर आपोआप धरणारा क्लच. पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोकचे तेल माहितीपुस्तकात दिलेल्या प्रमाणातच मिसळावे, कमी पडले तर पिस्टन जाम होतो. यासाठी मुंबई-पुण्याचा कारागीर शोधू नये. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गाडी न्यावी आणि मुलाने शेजारी उभे राहून बघावे. विजेच्या गाडीची वायर, सोल्डर, कनेक्टर यांसाठी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणारे हात आहेत. ज्याच्या घरात फिटर किंवा टर्नरचा ट्रेड केलेले कुणी आहे त्याला तर बाहेर जायचीच गरज नाही.

खर्चाचा क्रम आम्ही असा लावू. प्रथम बेअरिंग, मग पिनियन-स्पर आणि त्यांची फट, मग सर्व्हो, मग एक चांगला चार्जर. नवीन मोटर यादीत पाचवी. शेजारच्या मुलाने एक शंभर पानी वही केली आहे. तारीख, किती मिनिटे चालवली, मोटर हात लावून किती गरम लागली, काय तुटले, कितीला आले, सगळे त्यात लिहितो. वीज केंद्रात शिफ्ट बदलताना लॉगबुक भरतात तसे. पहिल्या महिन्यात तुटण्याच्या रकान्यात सहा नोंदी होत्या, दुसऱ्यात दोन. मोटर अजून जुनीच आहे.