नळीचं टोक केशरी, म्हणून बंदूक खोटी?

दिवाळी जवळ आली की शहपुऱ्याच्या बाजारात टिकल्यांची पिस्तुलं लटकू लागतात. जबलपूरहून भोपाळकडे जाताना लागणारं हे तहसिलीचं गाव. मुलूख तसा शस्त्रांचाच! जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ २०१९ साली इथूनच लष्कराच्या हवाली झाली. या जिल्ह्यात कित्येक घरांतला कर्ता माणूस सकाळी डबा घेऊन शस्त्रं घडवायला जातो आणि संध्याकाळी घरी परतला की त्याचाच पोरगा प्लॅस्टिकचं पिस्तूल रोखून ‘हँड्स अप’ म्हणतो.

यात वावगं ते काय? पूर्वी काहीच नव्हतं. पत्र्याची ती टिकल्यांची बंदूक आंधळ्यालाही खोटी वाटावी अशी असे. आता मात्र खेळण्यातलं पिस्तूल आकारानं, रंगानं, कधीकधी वजनानंही खऱ्यासारखं असतं. घोटाळा सुरू होतो तो इथे.

या घोटाळ्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरानं पाहिलं. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी बारा वर्षांचा तमीर राईस बागेत छऱ्यांचं नकली पिस्तूल घेऊन खेळत होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पिस्तूल बहुधा खोटं असावं, असंही फोनवर सांगितलं. पण नेमकं तेवढंच गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलं नाही. गाडी थांबल्यावर अवघ्या दोनेक सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. त्या पिस्तुलाच्या टोकावरची केशरी खूण निघालेली होती.

ही केशरी खूण म्हणजे काय? अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला आणि मे १९८९पासून खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीत भडक केशरी बूच बसवणं किंवा टोकाला तसा पट्टा देणं बंधनकारक ठरलं. संपूर्ण बंदूक पारदर्शक किंवा भडक रंगाची असली तरी चालते. हेतू एकच, पाहणाऱ्याला ती लांबूनच खोटी आहे हे कळावं.

पण रंगाची भाषा दोन्ही बाजूंनी फसवते. काही खऱ्या पिस्तुलांच्या नळीच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यांवर सायलेन्सर फिरवून बसवतात. तो काढल्यावर आटे खराब होऊ नयेत म्हणून वर एक छोटी कडी फिरवून ठेवतात. ही कडी साधारणपणे काळी असते. पण परदेशात शौकिनांसाठी ती लाल, निळी, केशरी अशा रंगांतही विकली जाते. जवळून पाहिलं तर फरक कळतो. खेळण्याच्या नळीत बूच असतं, कडीतून मात्र नळीचं भोक उघडं दिसतं. पण अंधारात, दहा पावलांवरून, घाबरलेल्या माणसाला हे कसं दिसणार?

२००६ साली न्यूयॉर्क शहरानं खऱ्या बंदुका रंगवण्याच्या साहित्यावर बंदी घातली ती याच भीतीपोटी. २०२१ साली तर उटा राज्यातल्या एका कंपनीनं खऱ्या ग्लॉक पिस्तुलाला मुलांच्या ठोकळ्यांसारखं रंगीबेरंगी आवरण चढवलं. लेगो कंपनीनं खरमरीत पत्र पाठवलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

आपल्याकडे सायलेन्सर ही सामान्य नागरिकाला मिळणारी वस्तूच नाही. त्यामुळे रंगीत कड्यांचा प्रश्न आपल्या दाराशी आलेला नाही. पण नकली पिस्तूल म्हणजे थट्टा, असंही कायदा मानत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या २८व्या कलमानुसार अटक टाळण्यासाठी बंदूक वापरली, मग ती नकली का असेना, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग घरच्यांनी काय करावं? मुलांना बंदूक घेऊन द्यायचीच असेल तर हिरवी-पिवळी, दुरून खोटी दिसणारी घ्यावी. तिला काळा रंग फासू देऊ नये, केशरी टोक कापू देऊ नये. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, तीही पाहून घ्यावी. रस्त्यात, बँकेत, स्टेशनवर असलं खेळणं नेऊ नये.

आणि ज्या घरात परवान्याची खरी बंदूक आहे, तिथे तर दुप्पट सावधगिरी हवी. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि किल्ली मोठ्यांच्या कमरेला. कारण ज्या पोरानं आयुष्यभर टिकल्याच वाजवल्या आहेत, त्याच्या दृष्टीनं चाप म्हणजे फक्त ‘फट्’ असा आवाज. त्याला एकच गोष्ट पक्की शिकवावी : बंदूक सापडली तर हात लावायचा नाही, रंग कोणताही असो, आधी मोठ्या माणसाला हाक मारायची.

खरी की खोटी, हे ठरवण्याचं काम मुलांचं नाही.