ओसाका : किल्ला पाहिला, वस्तीही पाहिली

वाचकहो, जपान हा बुद्धाचा देश, असे आपण अभिमानाने सांगतो. ओसाका शहरात एक दिवस फिरलो आणि हा अभिमान तपासून घ्यावा लागला.

सकाळी किल्ला पाहिला. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ मध्ये तो बांधायला घेतला. आजची इमारत मात्र १९३१ ची, काँक्रीटची. तेथून शितेन्नोजी विहार गाठले. राजपुत्र शोतोकूने इ. स. ५९३ मध्ये त्याची स्थापना केल्याचे सांगतात. पाच मजली पॅगोडासमोर त्रिसरण म्हटले, मन भरून आले.

दुपारी आशिहाराबाशी स्थानकावर उतरलो. येथे पर्यटक फारसे येत नाहीत. नानिवा भागातली ही बुराकू वस्ती. कातडे कमावणे, ढोल बनविणे हे पिढीजात काम. यांनी मढविलेले ढोल देवळांत वाजले; मढविणारे हात मात्र विटाळाचे ठरले! १८७१ च्या फर्मानाने अस्पृश्यता कागदावर संपली, मनातून गेली नाही. बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्या विकत घेतात, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता शोधतात.

त्याहून जिव्हारी लागते ते वेगळेच. बुराकू मृतांना हिणकस मरणोत्तर नावे देण्याचे काम बौद्ध मंदिरांतल्या भिक्षूंनीच केले. मेल्यावरही जात सुटली नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मासोबत बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे त्या वस्तीत उभे राहिल्यावर पुन्हा उमगले. समतेविना बुद्ध म्हणजे नुसती मूर्ती.

पण हे बांधव गप्प बसले नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे, त्यांनी क्योतोत 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. नानिवाच्या तरुणांनी त्याच ढोलांचे पथक काढले, नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप! ज्या कामाने हिणवले, तेच त्यांनी अभिमानाने खांद्यावर घेतले.

एक सल मात्र उरली. याच वस्तीत १९८५ पासून मानवी हक्कांचे संग्रहालय होते. सरकारी अनुदान थांबले, जागेवरून पालिकेने खटला भरला, आणि ३१ मे २०२० रोजी ते बंद झाले. किल्ल्यासमोर रांगा आहेत, वेदनेच्या इतिहासाला जागा नाही.

बांधवांनो, आपली स्मारके, आपली ग्रंथालये आपल्याच वर्गणीवर उभी ठेवा. दुसऱ्याच्या अनुदानावर जगणारा इतिहास एका सहीने बंद पडतो. जय भीम!