शेजारधर्म, लेखांक ७ : विहिरीवर पाणी मागणारे दोघे

मागच्या दोन लेखांकांत पंचशील आणि बायबलातल्या दहा आज्ञा शेजारी ठेवून वाचल्या. हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटे बोलणे या चार बाबतींत दोन्हींचा निवाडा एकच आहे. मद्याच्या बाबतीत पंचशील कडक आहे. पण एवढ्यावरून बौद्ध आणि ख्रिस्ती नीती जवळच्या ठरतात, असे मी म्हणणार नाही. चोरी करू नये, असे कोणता धर्म सांगत नाही? दोन शिकवणींचे खरे नाते बघायचे, तर त्यांनी आपापल्या समाजातली कोणती पक्की रीत मोडली, ते बघावे लागते. त्यासाठी आज दोन कथा घेऊ. दोन्ही विहिरीवर घडतात.

पहिली आहे ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहातली. बुद्धाचा निकटचा शिष्य आनंद भिक्षा आटोपून श्रावस्तीहून परतताना तहानेने विहिरीपाशी थांबतो. प्रकृती नावाची मुलगी तिथे पाणी भरत असते. तो पाणी मागतो. ती मागे सरते आणि आपण मातंगाची मुलगी असल्याचे सांगते. आनंद म्हणतो, मी तुझे कूळ किंवा जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे. आणि तिच्या हातचे पाणी तो पितो.

दुसरी आहे योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात. येशू शमरोनातल्या सुखार गावाजवळ, याकोबाच्या विहिरीवर टेकला आहे. भर दुपार आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत, आणि पाणी शेंदायला याच्याजवळ काही नाही. एक शमरोनी बाई येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहूदी लोक शमरोन्यांशी असला व्यवहार ठेवत नसत. शिष्य परततात, तेव्हा गुरू एका बाईशी बोलत बसल्याचेच त्यांना नवल वाटते. पुढे त्या गावकऱ्यांच्या आग्रहावरून येशू तिथे दोन दिवस राहतो.

कोणी कोणाची कथा घेतली, या वादात मला शिरायचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्हीकडे मोठा माणूस देणारा नाही, मागणारा आहे. दान वरच्या जागेवरून देता येते. पाणी मागताना मात्र समोरच्याचा हात आणि त्याचे भांडे आपलेसे करावे लागते. विटाळाच्या रिवाजात वरच्याने खालच्याला काही दिले तर चालत असे, ते लांबून ओतता येई. अडत असे ते घेताना. या दोघांनी नेमके तेच केले.

इथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. येशूचे बोलणे तहान कायमची भागवणाऱ्या पाण्याकडे वळते, म्हणजे देवाच्या कृपेकडे. बौद्ध कथा जातीच्या थेट खंडनाकडे जाते. प्रकृती आनंदावर भाळते, पुढे बुद्धाकडून प्रव्रज्या घेऊन भिक्षुणी होते आणि श्रावस्तीत गहजब होतो. तेव्हा बुद्ध त्रिशंकू या मातंग राजाची कथा सांगतो. या राजाने आपल्या मुलासाठी एका विद्वान ब्राह्मणाची मुलगी मागितलेली असते. त्याचा युक्तिवाद साधा आहे : पशुपक्ष्यांत आणि झाडाझुडपांत जातीजातींच्या खुणा डोळ्यांना दिसतात, तशा त्या माणसामाणसांत दाखवून द्या. ख्रिस्ती माणूस म्हणेल, सगळे एका पित्याची लेकरे, म्हणून समान. बौद्ध माणसाला त्यासाठी निर्माता देव लागत नाही, भेदाला आधारच नाही एवढे त्याला पुरते. कारणे निराळी, पण भांडे दोघांनाही चालते.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावे लागू नये. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्ण नोकरांसाठीच्या हौदाला हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा संस्थानाबाहेर होते. परतल्यावर कांबळे यांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय कांबळे यांना धंदा काढायला सांगून मदत केली. कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले. आता अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यावा लागू लागला. आनंदाने विहिरीवर जे केले, ते इथे एका छत्रपतीने भर रस्त्यात केले. 1919 साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायला त्यांनी हुकमाने मनाई केली.

शाहू महाराज बौद्धही नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. पण त्यांच्या काळातल्या कोल्हापुरात या विचाराला ओल होती. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली इथे आले आणि त्यांनी शाळा काढल्या. 1911 साली इथे सत्यशोधक समाजाचे काम सुरू झाले. त्या समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांच्या 1891 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक घर आहे. घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा हेवा न करता सगळ्यांनी प्रेमाने नांदावे, अशी जोतीरावांची अपेक्षा. आज, सव्वाशेहून अधिक वर्षांनी, असे घर आपल्या गल्लीत आपण कितपत सुखाने राहू देऊ, हा प्रश्न मला छळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे उलटली होती, नागपूरची दीक्षा अजून अठरा वर्षे लांब होती. धर्मांतरासाठी आपल्या विचारात बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्ती आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. पण त्यांनी नुसती स्तुती केली नाही. दक्षिणेकडच्या चर्चांत जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे पडला आहे, हेही त्यांनी तोंडावर ऐकवले. ‘ज्ञानोदया’त आलेला हा वृत्तांत ‘जनता’ने 5 फेब्रुवारीच्या अंकात छापला. दोन्ही समाजांच्या अभ्यासवर्गांत हे भाषण वाचले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. बुद्धविहारात त्याची ओळख असते, चर्चमध्ये ती क्वचितच आढळते.

चर्चमधली जात तेव्हा संपली नाही आणि आजही सगळीकडे संपलेली नाही. कायद्याने तर तिच्यावर आणखी एक गाठ मारली आहे. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा 1950 चा आदेश मुळात हिंदूंपुरता होता. त्यात 1956 साली शीख आले आणि 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे एकाच आजोबाच्या दोन नातवांपैकी बौद्ध झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. पूर्वी दोघांच्याही घराण्याला गावच्या विहिरीपासून सारख्याच अंतरावर उभे केले जाई.

संवाद म्हणून व्यासपीठावर एकत्र मेणबत्त्या लावण्यापेक्षा या प्रश्नावर कोल्हापुरातले विहार आणि चर्च एका मागणीपत्राखाली सह्या करतील, तर मला तो या दोन कथांचा अधिक खरा अर्थ वाटेल. बौद्ध बांधवांच्या मनात इथे एक रास्त भीती आहे : वाटा वाढला तर आपला तुकडा लहान होईल. ती झटकून टाकण्यासारखी नाही. म्हणून आरक्षणाची एकूण मर्यादा आणि जागा वाढवणे हा मुद्दा त्याच मागणीत आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : विष्ठेत लोळत पडलेल्या आजारी भिक्षूला बुद्धाने स्वतः धुतले ती विनयपिटकातली कथा, मत्तयाचा पंचविसावा अध्याय, आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे मिशन हॉस्पिटल.