युद्धाच्या काळात म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतं?



दुसरं महायुद्ध शिकवताना आपण देश, करार आणि सनावळ्या सांगतो. मुलांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो. "बॉम्ब पडताना ज्यांना पळता येत नाही, त्यांचं काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनच्या उदाहरणातून छान समजावता येतं.

यादीत कोण होतं?
सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच अवघ्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून सुरक्षित भागात हलवलं गेलं. त्यात शाळेची मुलं, त्यांचे शिक्षक, लहान बाळांच्या आया, गरोदर स्त्रिया आणि अंध-अपंग व्यक्ती होत्या. यादी योग्यच होती, पण केवळ वय झालंय म्हणून कोणाचं नाव तिच्यात नव्हतं. उलट, हल्ल्यातल्या जखमींसाठी खाटा हव्यात म्हणून रुग्णालयांनी सुमारे १ लाख ४० हजार रुग्णांना घरी पाठवलं. त्यात जुनाट आजारांचे कितीतरी वृद्ध होते. आणि ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जवळजवळ रोज रात्री बॉम्ब पडू लागले.

न मागितलेली गरज
१९४० मध्येच सरकारने गरजू पेन्शनधारकांना जादा रक्कम द्यायचं ठरवलं. अंदाज होता सुमारे ४ लाख लोकांचा, प्रत्यक्षात अर्ज आले १० लाखांच्या वर! म्हणजे लोक मागत नव्हते, म्हणून गरज नव्हती असं नाही. ती घराच्या दाराआड झाकलेली होती.

मदत दारापर्यंत गेली
त्याच वर्षी खासदार एलिनॉर रॅथबोन यांच्या अध्यक्षतेखाली वृद्धांच्या कल्याणासाठी एक समिती स्थापन झाली. आजची 'एज यूके' ही संस्था त्याच परंपरेतली. लेडी रीडिंग यांनी १९३८ मध्ये सुरू केलेली महिला स्वयंसेवकांची संघटनाही कामाला लागली होती. घर गमावलेल्यांना जेवण, कपडे आणि आसरा देणं हे तिचं काम. रेशनच्या रांगेत उभं राहणं किंवा रोज चूल पेटवणं ज्यांना झेपत नव्हतं, त्यांच्यासाठी १९४३ मध्ये या महिलांनी हेमेल हेम्पस्टेड गावात गरम जेवण घरपोच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या डब्यासारखंच म्हणा ना! युद्ध संपलं तरी हे काम थांबलं नाही. १९४८ च्या कायद्याने अशा संस्थांना पैसे द्यायची मुभा स्थानिक प्रशासनाला मिळाली.

जेवणासोबत आणखी एक गोष्ट घरात पोचायची. कोणीतरी दार वाजवायचं, "बरं आहे ना?" असं विचारायचं. एकट्या माणसाला त्याचंही मोल असतं.

वर्गात काय करता येईल?
मुलांना तीन प्रश्न द्या:
१. अचानक पूर आला, तर आपल्या गल्लीत स्वतःहून बाहेर पडू न शकणारं कोण आहे?
२. त्यांना रोज कोणतं औषध किंवा कोणती मदत लागते?
३. त्यांच्या घरी सगळ्यात आधी कोण पोचू शकेल?

उत्तरं मुलांनी घरच्यांशी बोलून लिहावीत. पालकांनी तो कागद वाचावा आणि तिसऱ्या प्रश्नासमोर स्वतःचं नाव लिहिता येतं का, ते पाहावं.