तार का उतरते?

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरी जुळवलेला तानपुरा थंडगार सभागृहात नेला की बेसूर होतो. दोष वादकाचा नाही, तारेचा स्वर तिच्या ताणावर ठरतो. ताण दोन टक्के बदलला की स्वर साधारण एक टक्का सरकतो. सा आणि कोमल रे यांच्यात जेमतेम सहा टक्क्यांचं अंतर असल्यामुळे तयार कानाला हा फरक लगेच खटकतो.

उष्णतेने तार लांबते, सैल पडते आणि स्वर उतरतो. गारव्यात तो चढतो. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून पितळी खर्जाची तार आणि पोलादी जोडतारा सारख्या प्रमाणात हलत नाहीत. हवेतल्या ओलाव्याने लाकूडही फुगतं आणि आकसतं.

बेस गिटारमध्ये हा ताण टिकवण्याची सोय असते. तिच्या खुंट्यांना दातेरी चाकं असतात, ती ताणाखाली मागे फिरत नाहीत. मानेत बसवलेली पोलादी सळई लाकूड वाकू देत नाही. तानपुऱ्याची लाकडी खुंटी मात्र केवळ घर्षणावर उभी असते. म्हणूनच सूक्ष्म जुळणीसाठी घोडीमागे मणी असतात.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून मिरजेत घडणाऱ्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्याचा मान राखायचा तर मैफलीआधी ते अर्धा तास सभागृहात ठेवा आणि मगच जुळवा.