कुंडीतला वाफसा

छंद म्हटला की पैसा व सवड हवी, असा पुष्कळांचा समज असतो. वसतिगृहात राहणाऱ्यांजवळ दोन्ही बेताचीच. मनीप्लांटला मात्र दोन्ही फारशी लागत नाहीत. कुणाच्या वेलाची एखादे पेर असलेली फांदी मागून आणावी आणि पेर बुडेल अशी पाण्यात ठेवावी. साधारण 2-3 आठवड्यांत मुळे फुटतात. मग बुडाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यात भुसभुशीत माती भरून ती लावावी. खिडकीजवळचा उजेड पुरे. दुपारचे कडक ऊन नको.

घरातली झाडे पुष्कळदा तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने मरतात. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हवा कोंडते व मुळे कुजतात. मातीत ओल आणि हवा दोन्ही असणे, यालाच शेतकरी वाफसा म्हणतो. कुंडीतही हाच नियम. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. कोरडे लागले तरच पाणी घालावे.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी स्नेक प्लांट लावावे. त्याची जाड पाने पाणी साठवतात आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. 2-3 आठवडे त्याच्याकडे पाहिले नाही तरी चालते.

आमच्या घरी पुस्तके नव्हती, पण वाफसा आल्यावाचून पेरणी होत नसे. कॉलेजात जो शब्द उच्चारायला आपण खेड्यातली मुले संकोचतो, तोच इथे झाड जगवतो.