शेवटचा मुक्काम कोल्हापूर

पनवेलच्या व्यापारी घरात सलग आठ दिवसांची सुटी ही दुर्मीळच. गिऱ्हाईक एकदा शेजारच्या दुकानात वळले की परत यायला वर्ष लागते, हे आमच्या घरातले ठरलेले वाक्य. तरीही गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपताच यांनी दुकानाच्या किल्ल्या धाकट्या दिरांच्या हाती दिल्या आणि आम्ही चौघे आपल्या गाडीने दक्षिणेच्या तीर्थवंदनेला निघालो. श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, कारकळ, मूडबिद्री आणि परतीच्या वाटेवर कुंभोजचे बाहुबली, असा बेत होता. शेवटचा मुक्काम मात्र तीर्थक्षेत्राचा नव्हता. तो होता आम्हा उभयतांच्या कॉलेजच्या गावाचा, कोल्हापूरचा.

उभयतांच्या म्हटले खरे, पण तेव्हा आमची ओळखही नव्हती. मी लक्ष्मीपुरीत मावशीकडे राहून राजाराम कॉलेजात शिकत होते. हे दसरा चौकातील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून कॉमर्सला जात होते. लग्न पुढे रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी ठरवले. एकाच गावात काढलेली तीन वर्षे आम्ही एकमेकांना कधी दाखवली नव्हती. ती मुलांसह पाहावीत, एवढाच हेतू होता.

गाडीत एक न बोललेला विषयही आमच्याबरोबर होता. थोरली पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुण्यात वसतिगृहात राहून शिकायचे, असे तिने मनाशी धरलेले. यांचे म्हणणे, पदवी होते आहे, आता दुकानाचे हिशेब पाहावेत. बोलणे या वळणावर आले की यांचे वाक्य ठरलेले असे : “मी पनवेलला आलो तेव्हा खिशात काही नव्हते. जे केले ते एकट्याने केले.” मुलांना ते तोंडपाठ झाले आहे.

श्रवणबेळगोळला पहाटे विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेलो. 57 फुटांची ती मूर्ती पाहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. दहाव्या शतकात गंग राजांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी ती करविली. मूर्तीच्या पायांशी मराठीतील दोन ओळी कोरलेल्या आहेत. मूर्ती चावुंडरायांनी करविली आणि भोवतीचा परिसर पुढे गंगराजांनी करविला, एवढाच त्यांचा आशय. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखनात त्यांची गणना होते. कानडी मुलखात आपली भाषा दिसल्याने धाकटा हरखला. त्याने ‘करविले’ या शब्दाचा अर्थ विचारला. हे म्हणाले, “दुसऱ्याच्या हातून घडवून घेतले. पैसा, पाठबळ ज्याचे, त्याचे नाव.”

पुढचे दिवस भराभर गेले. परतताना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती पाहून आम्ही निपाणीमार्गे कुंभोजला आलो. 1963 साली उभारलेल्या संगमरवरी 28 फुटी बाहुबलींचे दर्शन घेतले. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. त्यांनी 1919 साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचेच आपले पनवेलचे महाविद्यालय, हे थोरलीला ठाऊक होते. भाऊराव कोल्हापुरात शिकताना वडिलांच्याच बोर्डिंगमध्ये राहत होते, हे मात्र तिला नवे होते.

दुपारी कोल्हापुरात शिरलो. आधी माझे कोल्हापूर झाले : लक्ष्मीपुरीतील धान्याच्या पेढ्या, मावशीच्या घराची गल्ली, राजाराम कॉलेज, रंकाळ्याचा काठ. मुले हसत होती, कारण त्यांची आई चालण्यात सर्वांच्या पुढे होती.

सूर्य कलू लागला तसे हे एकदम म्हणाले, “चला, जेवणाची वेळ होईल.” त्यांना घाई होती ती आमच्या जेवणाची नव्हती. बोर्डिंगमध्ये सूर्यास्तापूर्वी जेवण. हिवाळ्यात क्रिकेटचा डाव अर्धा टाकून मुले धावत यायची, म्हणे.

राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने 1901 साली हे बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर शाळा-कॉलेजची दारे उघडी असूनही उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. या वास्तूच्या इतिहासात एक बोचरे पानही आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्यास भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात येते. त्याच भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले.

मुलांना हे सारे सांगता सांगता हे थांबले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “माझी शेवटच्या दोन वर्षांची भोजनाची फी मी भरलेली नाही.”

गावात सासऱ्यांचे भुसारीचे दुकान होते. एका हंगामात उधारी बुडाली आणि ते बसले. घरून पैसे येईनात, म्हणून हे वळकटी बांधून निघण्याच्या तयारीत होते. तेव्हा फी भरली गेल्याचे त्यांना सांगण्यात आले. कोणी भरली, ते सांगितले नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मीही प्रथमच ऐकत होते.

“मग त्यांचे नाव कुठे लिहिले आहे?” धाकट्याने विचारले.

“कुठेच नाही. त्यांनीच लिहू दिले नसावे.”

थोरली काही बोलली नाही. तिच्या मनात कोणते वाक्य आले असेल, ते यांना कळले असावे. तेच म्हणाले, “एकट्याने केले, असे मी म्हणत आलो. ते खरे नाही.”

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. त्या अनामिक गृहस्थाने आहारदान आणि शास्त्रदान एकाच ताटात वाढले होते. त्या ताटाची बाकी आमच्या खात्यावर कधी मांडलीच गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी हे एकटे कार्यालयात जाऊन आले. किती दिले, ते मी विचारले नाही. पावतीवर नाव घालू नका असे सांगितले, एवढे मात्र त्यांनी सांगितले.

कोल्हापूर ते पनवेल हा साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. सातारा मागे पडला, खंबाटकीचा घाट जवळ आला. इतका वेळ गप्प असलेले हे आरशात पाहून थोरलीला म्हणाले, “पुण्याचा अर्ज केव्हा भरायचा असतो?”

समाजात आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कितीतरी दुकानदारांचे शिक्षण अशाच एखाद्या बोर्डिंगच्या पंगतीत झाले आहे. मुलांना आपण त्यांना घडवण्यासाठी घेतलेले कष्ट आवर्जून सांगतो. आपल्याला कोणी घडविले, ते सांगायचे राहून जाते. तीर्थयात्रेचा शेवटचा दिवस त्यासाठी राखून ठेवावा. खर्च फारसा वाढत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा पनवेलच्या बाजारातली दुकाने बंद होत आली होती. दिरांनी किल्ल्या आणि आठ दिवसांचा हिशेब यांच्यापुढे ठेवला. यांनी वही उचलली आणि थोरलीच्या हाती दिली. “जाईपर्यंत तू पाहा,” ते म्हणाले.